दीनाताई, तो शब्द मी काढला नाही

दीनाताई, तू गेलीस त्याच दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझ्या फोटोला हार घातला गेला. झेंडूचा. बाजूला निरांजन, वर ओंकार, खाली ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’. कुणीतरी तासाभरात हौसेने करून टाकलं आणि मग एकामागून एक जोडलेले हात. जोशीकाकूंनी मला वेगळा फोन केला. “तेरावं कुठे आहे गं? पासिर रिसच्या घरीच का?” मी म्हटलं, “काकू, त्यांच्यात तेरावं नसतं.” “म्हणजे? आर्यसमाजी होत्या का?” तू ऐकलं असतंस तर हसून हसून तुला खोकला लागला असता. मलाही हसू आलं आणि त्याच मिनिटाला इतका राग आला, की मी फोन ठेवून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

शुक्रवारी सकाळी गेलीस आणि शनिवार लागायच्या आत पुरायचं म्हणून दुपारी चुआ चू कांगच्या दफनभूमीत सगळं उरकलंसुद्धा. मी कॉलेजातल्या कामावरून तशीच धावत आले, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. तुझ्यावर माती टाकताना ते पुढे आलं आणि मी ते मागे सारलं, एवढंच मला नीट आठवतंय. रडायला वेळ मिळाला नाही. आमच्याकडे निदान घरात माणसं जमतात, कुणी गाडीला फोन करतं, कुणी चहा टाकतं, तेवढ्यात डोळ्यांना पाणी येऊन जातं. तू मात्र हिशेब बंद करून टेबल आवरून निघावं तशी निघालीस. आयुष्यभर बँकेत अकाउंट्सचं काम केलंस, त्याची ही खोड.

आणि भांडण? ते अर्धवट टाकून गेलीस त्याचं काय? मंगळवारी फोनवर म्हणालीस, “वैजू, तो शब्द काढ. बाकी तुझा नियम छान आहे. आता ठेवते, कुकर झालाय.” मी म्हणत होते की थांब, माझं ऐक. तू ठेवलास. गेले पंधरा दिवस मी तुला उत्तरं देत फिरते आहे. क्वीन्सटाउन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना. नवरा म्हणतो, तू हल्ली पुटपुटतेस.

तर आता सलग सांगते. मध्ये बोलू नकोस.

आपली ओळख झाली ती मंडळाच्या मराठी वर्गामुळे. वर्ग शनिवारी घ्यायचा घाट होता आणि तू म्हणालीस, “शनिवारी मला जमत नाही, रविवारी घेईन.” जोशीकाकूंनी लगेच ओळखलं, “मारुतीचा उपास का?” तू एक क्षण त्यांच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “तसंच काहीसं.” झालं! त्यानंतर मंडळाचा शनिवारी कार्यक्रम असला की तू अंधार पडल्यावरच यायचीस आणि काकू तुझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवायच्या. तू ती आवडीने खायचीस. लिंबू पिळून.

मी आपली आडनावावरून निघाले. नागावकर म्हणजे अष्टागरातल्या. पण कोणत्या? आपल्या लोकांना परदेशात येऊन कितीही वर्षं झाली तरी हे कोडं सोडवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तू म्हणालीस, “ओळख बघू.” मी तीन जाती सांगून पाहिल्या. तू तिन्ही वेळा मान हलवलीस. मग म्हणालीस, “तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे.” माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. शेवटी कॉफीशॉपच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तू मला सांगितलंस, की तू बेने इस्रायल, कोकणात कित्येक शतकं राहिलेली यहुदी माणसं तुम्ही, घरात मराठी, सणाला मलिदा, आणि तुझ्या आजीच्या ओव्यांत मोशे आणि दावीद नऊवारी नेसलेल्या बायकांच्या तोंडून यायचे. मी विचारलं, “मग हे मंडळात का सांगत नाहीस?” म्हणालीस, “कुणी विचारलं नाही. मारुतीवर भागतंय ना.”

मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. नंतर नंतर टोचायला लागलं.

तो वार्षिक समारंभ आठव. एका मुलाचे वडील माईक हातात घेऊन तुझे आभार मानत होते. मनापासून मानत होते बिचारे. म्हणाले, “आमचा मुलगा घरी कुणाला घाबरत नाही, पण दीनाबाई म्हणजे साक्षात हिटलर!” सगळं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. आपल्याकडे कडक मास्तरला, कडक बापाला, कडक सासूला सर्रास म्हणतात तसं ते म्हणाले, कौतुक म्हणून. तू उठून नमस्कार केलास. मी तुझ्या शेजारी होते, मला तुझा हात दिसत होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस आणि सोडत होतीस.

घरी जाताना गाडीत मी पेटले होते. “मी त्यांना फोन करून सांगते.” तू म्हणालीस, “काय सांगशील? त्यांना कौतुक करायचं होतं गं. अज्ञान आहे, द्वेष नाही.” मी म्हटलं, “अज्ञानाला तू खिचडीसारखं झाकून ठेवतेस म्हणून ते टिकतं.” पासिर रिस आलं तेव्हा उतरताना म्हणालीस, “तुला भांडायला जागा आहे वैजू. तुम्ही पुष्कळ आहात.” हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. खरं होतं म्हणूनच पचलं नाही.

मग तामारचं सुरू झालं.

तुझी नात मी नोकरी करते त्याच कॉलेजात. विद्यार्थ्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात, आणि तिची आली नाही, हीच तर गोष्ट. तिकडे इस्रायल आणि गाझात युद्ध पेटलं, इथे तिच्या प्रोजेक्टच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “बेबी किलर इज टायपिंग.” ती काहीतरी लिहायला लागली, की हे. दोघे-तिघे हसले, बाकीचे गप्प. पुढे तिला न सांगता नवा ग्रुप झाला. आणि एका लेक्चररने, अगदी गोड आवाजात, भर वर्गात विचारलं, “तामार, तुमच्या लोकांची बाजू काय आहे, सांगशील का?” तुमचे लोक! पोरगी आजवर इस्रायलला गेलेली नाही. अलिबागला गेली होती एकदा, तिथे डास चावले म्हणून रडत परत आली. तिने वर्गात जाणं सोडलं. रोज सकाळी पाठीला बॅग लावून निघायची, पासिर रिसच्या समुद्रावर बसायची आणि वेळेवर घरी यायची. मंडईतून येताना तू तिला तिथे पाहिलंस. मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज असा बारीक झाला होता, की मला वाटलं रूथ बोलतेय, तुझी लेक.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजने भेदभावाविरुद्ध नियमावली करायची म्हणून एक समिती नेमली होती आणि मसुदा माझ्याकडे होता. कॉलेजात यायच्या आधी बँकेत मी वर्षानुवर्षं नियमच पाळायला लावले, मला त्यात रस. या देशात धर्मावरून, वंशावरून द्वेष पसरवला तर तो गुन्हा आहे. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धही कायदा झालाय. पण वर्गात एका मुलीला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलं, तर त्याला कोणतं कलम लावायचं? शाळा-कॉलेजांनी आपापलं लिहावं लागतं. मी लिहिलं. त्यात एक स्वतंत्र कलम घातलं आणि त्यात शब्द वापरला, ज्यूद्वेष. तो काय असतो, कसा दिसतो, उदाहरणांसह. समितीला मी आधीच लेखी कळवलं होतं, की माझी या कुटुंबाशी ओळख आहे. सवय, दुसरं काय.

तुला वाचून दाखवलं ते पासिर रिसच्या पार्कात, खारफुटीवरच्या त्या लाकडी पुलावर. मला वाटलं, तू माझा हात धरशील. तू म्हणालीस, “हे काढ.”

“का?”

“त्या कागदावर दुसरं कुणी आहे का गं? आख्ख्या कॉलेजात तशी मुलगी एकच आहे. उद्या सगळे म्हणणार, हिच्यासाठी नियम केला. आत्ता तिच्याशी बोलत नाहीत, मग तिच्याकडे बघणारही नाहीत.”

“आणि नाव न घेता ‘धर्मावरून भेदभाव करू नये’ एवढं लिहिलं, तर तो लेक्चरर म्हणेल, मी कुठे केला? मी तर प्रेमाने विचारलं. नाव घेतल्याशिवाय त्याला कळणार नाही ताई.”

“मग जात घाल. तुम्ही लोक पाच मिनिटांत आडनावावरून जात काढता, आणि यादीत फक्त मीच का? आणि ती हिदाया, तिचं काय करणार आहेस?”

हिदाया ही तामारच्याच वर्गातली. तिच्या बॅगेवर कलिंगडाच्या फोडीचा बिल्ला होता, तिथल्या झेंड्याच्या रंगांचा, गाझासाठी. ऑफिसने तिला बोलावून तो काढायला लावला. हे तुला तामारनेच सांगितलं होतं, आणि तू ते विसरायला तयार नव्हतीस. “ती पोर रडतेय मेलेल्या मुलांसाठी. मीसुद्धा रडते. रोज बातम्या बघून रडते, रूथ टीव्ही बंद करते. उद्या तुझा नियम तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावेल.”

“आणि तामारच्या तोंडावरची कोण काढणार?”

तू पाण्याकडे बघत म्हणालीस, “मुंबईत मी शाळेत गेले, कॉलेजात गेले. आमच्यासाठी कुणी कलम लिहिलं नव्हतं. डबा खाताना सगळ्याजणी माझ्या डब्यात हात घालायच्या. तेवढं पुरायचं.” मी म्हणाले, “तिथे तू शेजारची दीना होतीस. इथे तामार म्हणजे बातमी आहे.” तू पुन्हा पाण्याकडे वळलीस. मला वाटलं मी जिंकले. मग कळलं, तू दमली होतीस. पुलाचा कठडा धरून उभी होतीस. मी तुला डॉक्टरकडे ने म्हणून रूथच्या मागे लागायला हवं होतं की नको, हे मी आता स्वतःला विचारत नाही. विचारलं तर दिवसभर दुसरं काही होत नाही.

रविवारी मी तुझ्या घरी आले. निशिगंधाचा हार घेऊन. रूथने तो माझ्या हातातून हळूच घेतला आणि बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवला. “मावशी, आमच्यात फुलं नाही आणत या दिवसांत.” मला जमिनीने गिळावं असं झालं. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरी मलिदा खाल्ला, तू पोहे भिजवून त्यात नारळ, साखर, वेलची घालायचीस ते शेजारी उभं राहून पाहिलं, पण तुझ्याकडे कुणी गेलं तर काय करतात हे कधी विचारलं नाही. तुमच्या सुतकाच्या रीतीने आरशांवर चादरी होत्या. रूथ बुटक्या स्टुलावर बसली होती. मी बसले, उठले, पाण्याचा ग्लास धुतला, परत बसले. तामार म्हणाली, “आंटी, खाली चल.”

नातीला तुमच्यात सुतक नाही, तिला बाहेर पडता येतं, हे मला तिनेच सांगितलं. आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या बाकावर बसलो. वर तुझी खिडकी.

“आजी टोल्ड यू टू टेक इट आऊट, राइट?”

“तुला कसं कळलं?”

“शी टॉक्स लाउडली ऑन फोन, लाह.” इथल्या पोरांचं ते वाक्याच्या शेवटचं ‘लाह’. मग ती मराठीवर आली, तिच्या त्या मोडक्या मराठीवर, जी तू मंडळाच्या वर्गात तिला रडवून शिकवली होतीस. “आजीला भीती वाटायची. मला पण वाटते. पण आजीला जमायचं, तसंच काहीसं म्हणायचं आणि हसायचं. मला नाही जमत. मी बीचवर बसते, आणि मला वाटतं, मी काय चोरी केली? आंटी, डोन्ट टेक आऊट. प्लीज. वर्ड राहू दे.”

“आणि सगळे म्हणाले, तुझ्यासाठी केलं म्हणून?”

“देन ते खरंच आहे ना.”

ताई, मला तुझी फार आठवण आली त्या क्षणी, आणि तुझा रागही आला. तू या पोरीला घाबरट समजत होतीस. किंवा समजत नव्हतीस, फक्त जपत होतीस. मला यातलं कुठलं ते कधीच कळणार नाही, कारण तू कुकरचं निमित्त करून फोन ठेवलास.

बुधवारी समिती बसली. ज्यांना बोलायचं असेल त्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. तामार आली, आणि हिदायाही आली. दोघी टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकींकडे न बघता. तामार इंग्रजीत बोलली, कागद न घेता. ग्रुपवरचा तो मेसेज वाचून दाखवला. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. मग हिदाया. म्हणाली, “हे वाईट झालं, मी तेव्हा ग्रुपमध्ये होते आणि मी काही बोलले नाही. रूल पाहिजे. पण उद्या मी गाझाबद्दल बोलले आणि कुणी म्हटलं हा द्वेष आहे, तर मग मी कुणाकडे जाऊ?”

तुझं म्हणणं. हिजाब घातलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून, अगदी तुझं. मी पेन खाली ठेवलं. मला पुलावर तुला जे उत्तर देता आलं नव्हतं ते तिलाही देता येईना, आणि मी बँकेत कितीही वर्षं काढली असली तरी मला दिसत होतं, की उत्तर नसेल तर नियम अपुरा आहे. मी तिथल्या तिथे एक ओळ जोडली. कुणाही विद्यार्थ्याला त्याच्या धर्मामुळे वा वंशामुळे एखाद्या देशाच्या कृत्याचा जाब विचारता येणार नाही. आणि एखाद्या देशावर टीका केली किंवा मेलेल्यांसाठी शोक केला, एवढ्यावरून कुणाला द्वेष्टा ठरवता येणार नाही. एका सदस्याने विचारलं, “आता ज्यूद्वेष हा शब्द वेगळा ठेवायची गरज आहे का?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “आहे.” त्याच्या पुढे मुस्लिमद्वेष हा शब्दही लिहिला. जातही लिहिली होती, पण ती ‘पुढच्या आढाव्यात पाहू’ म्हणून बाजूला राहिली. दोन भारतीय सदस्य होते, त्यांनीच सुचवलं. तू म्हणाली असतीस, बघ! म्हण. मी ऐकून घेते. पुढच्या आढाव्यात मी पुन्हा लिहिणार आहे.

हिदायाचा बिल्ला परत मिळायला अजून अर्ज करावा लागेल असं ऑफिस म्हणतं. मी तिच्याबरोबर जाणार आहे. तुझ्यासाठी नव्हे. थोडंसं तुझ्यासाठी.

नियम मंजूर झाला तेव्हा मला वाटलं होतं, मला काहीतरी वाटेल. समाधान वगैरे. मी कॉलेजजवळच्या आंग मो किओच्या स्टेशनवर उभी राहिले आणि दोन गाड्या जाऊ दिल्या. बातमी कुणाला सांगायची? जिला सांगायची होती तिने नाक मुरडलं असतं, “केलंस ना शेवटी मनासारखं,” आणि मग घरी बोलावून पोहे केले असते. ताई, तुला ते पटायला हवं होतं. हरलीस म्हणून नाही, पटलं म्हणून गप्प झालेली तू मला एकदा पाहायची होती. आणि तू कधीच कुणाला दिसू दिलं नाहीस ते सगळं, तो बोटाभोवतीचा पदर, मी पाहिलं होतं हे तुला सांगायचं राहिलं. तुझ्याकडून मी खूप घेतलं. मराठी माणसाने आपल्याच माणसांकडे जरा लांबून कसं बघावं, हे तुझ्यामुळे आलं. आभार मानायचे असतात ते वेळेवर सुचत नाहीत.

सोमवारी तामार वर्गात जाणार होती. मी तिला बजावलं होतं की झाल्यावर मला कळव, आणि सकाळपासून फोन उलटा-सुलटा करत होते. तुझी भीती आता माझी झाली होती. आणि तुझं बरोबर निघालं तर? आता खरंच कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही तर? तिच्या वर्गाच्या बाजूने काहीतरी काम काढून जावं असंही मनात आलं, पण गेले नाही. समोरचे कागद तीनदा वाचले, एक अक्षर कळलं नाही.

दुपारी तिचा फोन आला.

“आंटी, नोबडी सॅट नेक्स्ट टू मी. दोन्ही बाजूला. हिदाया पण मागे बसली.”

तुला हेच म्हणायचं होतं ना? नियमाने कुणी कुणाच्या शेजारी येऊन बसत नाही. हे मी कोणत्या कलमात लिहिणार होते?

“मग तू काय केलंस?” मी विचारलं. “आलीस का उठून?”

“का उठू?” ती म्हणाली. “लेक्चर होतं ना. पूर्ण बसले.”